टेपवरची ओळ

वसतिगृह, १८ फेब्रुवारी, सकाळी सव्वासात

ती. ताईस सा. न. वि. वि.

इस्त्री तापेपर्यंत हे लिहितो आहे. चाचणीत पुन्हा निम्माच पेपर झाला. उत्तरं येत होती, पण प्रश्न वाचताना ओळी एकमेकींवर सरकतात, मग पुन्हा वरून सुरुवात. सर म्हणाले, वार्षिक परीक्षेतही असंच झालं तर पुढच्या वर्षाला घेता येणार नाही. त्यांनीच विद्यापीठाच्या मदत कक्षात पाठवलं. तिथल्या बाई म्हणाल्या, ही वाचनाची अडचण असू शकते, जादा वेळ मिळू शकतो. पण माझ्याकडे तपासणीचा दाखला नाही. इथली रांग वर्षभराची, आणि बाहेरची फी आपल्याला झेपणारी नाही. त्यांनी विचारलं, घरी अभ्यासात काही वेगळी मदत व्हायची का. मी म्हटलं, काहीच नाही. नववीत शाळा सोडून शिलाई मशीनवर बसलेल्याला कसली मदत! त्यांनी मान हलवली आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

जमलं नाही तर आपल्या दुकानात काज-बटणाला येईनच. माझं स्टूल कुणाला देऊ नकोस. बाबांना यातलं काही सांगू नकोस.

रागावलीस तरी लोभ असू दे.
तुझा भाऊ

दुकान, २४ फेब्रुवारी

चि. गोगलगायीस अ. उ. आ.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. बाबांनाही सांगितलं, चीड खुशाल. काहीच मदत नव्हती म्हणे! अरे, तू बाहेरून परीक्षा दिल्यास तेव्हा कॉलरी उलटता उलटता तुझा इतिहास मी मोठ्यानं वाचायची, तो काय गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठी? आणि बाबा ओळीखाली मापाची टेप धरायचे. एक ओळ झाली की टेप खाली. एकदा तीच टेप घेऊन ते माप घ्यायला उठले, तर ओळ हरवली म्हणून तू केवढा ओरडलास! गिऱ्हाईक हात वर करून उभं, आणि बाबा तुझा धडा संपवताहेत! आई म्हणायची, शेंडेफळाचे फार लाड. आम्हालाही ते लाडच वाटले. तुला काही अडचण आहे हे कुणाच्या मनातच आलं नाही, कारण घरात तुझं काही अडलंच नाही.

हे सगळं वेगळ्या कागदावर लिहून बाबांची सही घेतली आहे. बाईंना नेऊन दे, लाजू नकोस. तुझ्या स्टुलावर आता मांजर झोपतं. तुझ्यासाठी मी त्याला उठवणार नाही.

आहेस तसा आमचाच राहा.
ताई

वसतिगृह, २२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाईंनी तुमचा कागद दोनदा वाचला, मध्ये एकदा हसल्याही. म्हणाल्या, अडचण जुनी आहे हे घरच्यांनी सांगितलं, तर दाखल्याशिवायही या वर्षापुरती सोय करता येते. तपासणीच्या रांगेत नाव लागलं आहे. पेपरला जादा वेळ मिळाला, शिवाय प्रश्न वाचून दाखवायला एक जण. आवाज स्वच्छ होता. पण तो तुझ्यासारखं दातात सुई धरून वाचत नव्हता, त्यामुळे पहिला प्रश्न मला परकाच वाटला.

काल शेवटचा पेपर झाला. सगळं लिहिलं, शुद्धलेखन तपासलं, तरी दहा मिनिटं उरली. ताई, उरलेल्या वेळेचं काय करतात, मला माहीतच नव्हतं. वाचून दाखवणारा म्हणाला, पेपर देऊन जायला हरकत नाही. मी गेलो नाही. आपल्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसलं की बाबा आणि तू नुसते रस्त्याकडे बघत बसायचात, तसा खिडकीकडे बघत बसलो. घंटा होईपर्यंत.

निकाल काहीही लागो, माया पातळ होऊ देऊ नका.
तुझा भाऊ