सासूबाईंची गाडी आणि तिची कमान

मुलुंड (पूर्व),
१८ जानेवारी

ती. कुंडलिकराव यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे विद्याधरचा, मुलुंडहून वाकून नमस्कार. इकडे अनुपमा बरी आहे, मी बरा आहे, आणि तुमच्या मातोश्री आम्हा दोघांपेक्षा बऱ्या आहेत. तुमचा गुडघा काय म्हणतो? कलमांना मोहर धरला, की ढगाळ हवेने यंदाही घोळ घातला? काळी गाय व्याली का? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही ‘आईला कधी आणताय’ एवढंच विचारता आणि माझं उत्तर सुरू व्हायच्या आत रेंज नाही म्हणून ठेवता. (तुमच्या पडवीत चांगली रेंज येते, मी स्वतः तिथे बसून बातम्या पाहिल्या आहेत.) छत्तीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस शेवटी पत्राकडेच वळणार. पत्रात निदान मधेच कोणी तोडत नाही.

तर आईंना आणायला उशीर का झाला, ते पहिल्यापासून सांगतो. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले होते की तासाभरापेक्षा जास्त बसायचं नाही, आडवं पडून मात्र कितीही चालेल. आईंना ओढ गावाची. रेल्वेने आडवं पडून येता आलं असतं, पण स्टेशनपासून आपल्या देवगडच्या घरापर्यंतचा रस्ता तुम्हाला माहीत आहे, मी काय सांगू. ॲम्ब्युलन्सचं नाव काढल्यावर आई म्हणाल्या, “त्या गाडयेतसून माका न्हेलास तर घराक पोचायच्या आधी लोक रडूक जमतले.” तेही खरंच होतं. आणि आता लिहितोच आहे तर हेही लिहितो, की हॉस्पिटलात सगळ्यांसमोर तुम्ही म्हणाला होतात, ‘विद्याधराक पोस्टकार्डापेक्षा जड काय उचलूक जमाचा नाय.’ ते मला लागलं होतं. मी ठरवलं, आईंना बिछान्यावर झोपवून, राणीसारखं, तुमच्या दारात आणून उभं करायचं. बिछान्यासकट.

अंधेरीला वर्सोव्याच्या खाडीजवळ चंद्रप्रकाश नावाचे एक गृहस्थ आहेत. शूटिंगला मेकअपच्या गाड्या भाड्याने देतात. त्यांच्याकडे एक जुनी कॅरव्हॅन विकायला होती. कॅरव्हॅन म्हणजे दोन चाकांवरची खोली, जी आमच्या जुन्या जीपच्या मागे आकड्याने अडकवून ओढायची. आत पलंग, बेसिन, छोटी शेगडी, आणि एका भिंतीवर चारी बाजूंनी बल्ब लावलेला आरसा. मी तो पलंग पाहिला, त्यावर आडवा झालो आणि तिथेच माझी बुद्धी संपली. गाडी डावीकडे झुकलेली आहे हे मला दिसलं होतं, नाही असं नाही. विचारलंही. चंद्रप्रकाश म्हणाले, “साहेब, नायिका नेहमी त्याच बाजूला बसायच्या.” मी त्यावर विश्वास ठेवला. (आमच्या बिल्डिंगमधल्या मेश्राम साहेबांनी ‘घ्यायच्या आधी मी एकदा खालून बघतो’ म्हटलं होतं. ते ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्रात तीस वर्षं वेल्डिंग तपासत होते. मी म्हटलं, आम्ही कोकणातली माणसं, होड्या ओढलेल्या, हे काय. मी आयुष्यात होडी ओढलेली नाही, हे तुम्हाला माहीत आहे.)

वर्सोव्याहून मुलुंडला येईपर्यंत डावं टायर वरच्या पत्र्याला घासून धूर निघायला लागला. घरी आणून मी माझ्या पद्धतीने उपाय केला. पाण्याचे डबे, तांदळाचं पोतं, अनुपमाचं शिलाई मशीन, सगळं उजव्या बाजूला रचलं. गाडी सरळ झाली. मी आठवडाभर बिल्डिंगमध्ये ताठ मानेने फिरलो. मग आईंच्या जागी अनुपमाला झोपवून घाटकोपरपर्यंत एक फेरी मारायचं ठरवलं. घाटकोपरच्या अलीकडे एका गतिरोधकावर मागून असा आवाज आला, की कोणीतरी लोखंडी खाट जिन्यावरून सोडून दिली आहे. लगेच अनुपमाचा फोन. ती अगदी शांतपणे म्हणाली, “मी आता पलंगावर नाही. भिंतीवर आहे. तांदूळ माझ्या अंगावर आहेत. तू सावकाश ये.” (तुमची बहीण शांत आवाजात बोलली की काय होतं, ते तुम्ही लहानपणापासून जाणता.)

डाव्या चाकावरची कमान मोडली होती. कमान म्हणजे एकावर एक बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, धक्के खाण्यासाठी. जवळच भाऊराव म्हणून कमानी दुरुस्त करणारे निघाले. त्यांनी मोडका पाटा, म्हणजे त्यातली एक पट्टी, हातात घेऊन वास घेतल्यासारखा पाहिला आणि म्हणाले, “हा आज नाही मोडला. आज फक्त वेगळा झाला.” मी म्हटलं, पुन्हा मोडणार नाही असं काहीतरी जाड घाला. ते म्हणाले, “जाड आहेत, पण ते टेम्पोचे. तेवढं वजन तुमच्या गाडीत नाही. दणके कमान खाणार नाही, मग चासी खाईल.” चासी म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, ज्यावर ही सगळी खोली उभी. हे त्यांनी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी म्हटलं, घाला. हा दोष भाऊरावांचा नाही, हे पत्रात स्पष्ट असावं.

नव्या पाट्यांवर गाडी पाटासारखी सपाट उभी राहिली. गेल्या महिन्यात आम्ही निघालो. सगळी बिल्डिंग खाली आली होती. नारळ फोडला, आईंना पलंगावर झोपवलं, अनुपमा त्यांच्या सोबतीला आत बसली. तुम्हाला त्या दिवशी मी ‘निघालो’ असा निरोप पाठवला आणि नंतर आठवडाभर तुमचा फोन उचलला नाही, त्याचं कारण पुढे येतंच आहे. ऐरोलीच्या पुलापर्यंतही आम्ही पोचलो नाही. प्रत्येक खड्ड्याला गाडी अख्खी उडत होती. अनुपमाचा पुन्हा फोन आला. ती म्हणाली, “थांब. आरशाला तडा गेलाय आणि बेसिन भिंतीपासून सुटलंय.” मी गाडी कडेला घेतली, मागे जाऊन दार ओढलं, तर दार उघडेना. आतून ढकललं तरी उघडेना. कडी ठीक होती. चौकटच तिरकी झाली होती.

कुंडलिकराव, जरा डोळ्यांसमोर आणा. तुमची ऐंशी वर्षांची आई, ऑपरेशन झालेली, मी लोखंडाच्या पेटीत कोंडून हायवेच्या कडेला आणून ठेवली होती. मी दारावर लाथ मारली, ती माझ्याच पायाला लागली. तेवढ्यात ट्रॅफिक पोलीस आला. म्हणाला, ओढून न्यायच्या गाडीत माणसं बसवत नाहीत, त्यांना आधी बाहेर काढा. मी म्हटलं, साहेब, सकाळपासून नाही पण गेली वीस मिनिटं मी तेच करतोय. आई खिडकीतून सगळं बघत होत्या. त्यांनी पोलिसाला गाव विचारलं. तो निघाला कणकवलीचा. पुढे त्यांचं नातं लागेपर्यंत चौकशी झाली आणि त्याला खिडकीच्या फटीतून तुमच्यासाठी केलेला एक बेसनलाडू गेला. मला घाम फुटलेला पाहून त्या म्हणाल्या, “माका काय घाई नाय. तुमी तुमचा काम करा. हयसर वारो बरो येता.”

शेवटी मी मेश्राम साहेबांना फोन केला. सुबोध मेश्राम हे त्यांचं पूर्ण नाव, मूळचे भंडाऱ्याचे. माणूस ‘मी म्हटलं होतं ना’ असं म्हणेल म्हणून मी वाक्य तयार ठेवलं होतं, पण त्यांनी ते म्हटलंच नाही. स्कूटरवर जॅक बांधून आले, खाली वाकले, डाव्या कोपऱ्याखाली जॅक लावून हळूहळू उचलायला लागले. दोन-तीन बोटं उचललं असेल, आणि दार आपोआप उघडलं. अनुपमा दारात उभी होती. तिने मला बाजूला सारून आईंना हात दिला. आई बाहेर आल्या आणि मेश्राम साहेबांना म्हणाल्या, जावई चांगले आहेत, पण ऐकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मेश्राम साहेबांनी मला गाडीखाली झोपवलं. आधी कमान जिथे सांगाड्याला अडकते तो भाग घासायला लावला. रंगाखाली पुटिंग, म्हणजे खड्डे बुजवायचा लेप, निघालं, पुटिंगखाली गंज. मग त्यांनी त्यावर लाल औषध फवारलं, पुसलं, वर पांढरं फवारलं आणि म्हणाले, आता चहा पिऊ. चहा होईपर्यंत पांढऱ्यावर वीतभर लांब लाल रेघ उमटली होती. जुनी भेग. नायिकांच्या वेळची. माझ्या टेम्पोच्या पाट्यांनी ती आणखी फाडली. नंतर दोरी धरून सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजले, तर एक दुसऱ्याहून दीड इंच जास्त. म्हणजे मी चौकोन समजून जी वस्तू घेतली होती ती शंकरपाळी होती. मी विचारलं, विकून टाकू का? मेश्राम साहेब म्हणाले, “भेग सापडली म्हणजे अर्धं काम झालं. नोकरीत मला झोप लागायची नाही ती न सापडलेल्या भेगेमुळे.” मला ते फार धीराचं वाटलं. त्या दिवसापासून मी ऐकायला लागलो. (अनुपमाच्या मते हा बदल फक्त मेश्राम साहेबांपुरता आहे.)

सांगाडा खेचून सरळ केला. भेगेच्या टोकाला भोक पाडलं, म्हणजे ती पुढे पळत नाही, मग वेल्डिंग आणि वरून पट्टी. भाऊराव घाटकोपरहून स्वतः आले. या वेळी गाडी आधी काट्यावर नेली आणि वजनाला बेताचे पाटे दोन्ही बाजूंना घातले. मी गाडीखाली इतके दिवस काढले की बिल्डिंगमधली मांजरं मला ओळखायला लागली. परवा आम्ही बोरिवलीपर्यंत जाऊन आलो, आत मुद्दाम काठोकाठ भरलेली पाण्याची कळशी ठेवून. सांडलं ते फक्त पायपुसणं भिजेल इतकं.

पोलिसाचं म्हणणं मानून बेत बदलला आहे. आई जीपमध्ये पुढच्या आसनावर बसतील, तासाभराने गाडी थांबवायची, आणि त्यांनी मागच्या खोलीत जाऊन आडवं व्हायचं. दोन दिवस लागतील, लागू देत. गुरुवारी पहाटे निघतो आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तुमच्या दारात येतो. वहिनींना नमस्कार. लाडवांतला जो एक कमी आहे, तो कुठे गेला ते वर लिहिलंच आहे.

आपला,
विद्याधर

ता. क. : खोली साडेसात फूट रुंद आहे आणि तुमचं नवीन फाटक सात फूट. फाटकाच्या दोन सिंहांपैकी कोणता काढायचा, ते तुम्ही ठरवा. उजवीकडचा काढलात तर वळायला बरं पडेल.

ता. क. २ : खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं आणि वरती धीर झाला नाही. दार अडकलं होतं तेव्हा आत आईंनी अनुपमाला सांगितलं की त्यांच्या खोलीत तुम्ही आंब्याच्या रिकाम्या पेट्या भरून ठेवल्या आहेत, आणि परत आल्यावर त्या कुठे निजतील हे त्यांना कळत नाही. तुम्हाला त्या हे कधीच म्हणणार नाहीत. पेट्या गुरुवारपर्यंत माळ्यावर टाका. मी सांगितलं असं म्हणू नका, तुम्हालाच सुचलं असं दाखवा. हे झालं तर सिंह राहू दे, मी गाडी रस्त्यावर लावीन.

ता. क. ३ : दादा, पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आहे म्हणून मी, अनुपमा, लिहितेय. गेल्या सोमवारी डॉक्टरांनी आईला तपासलं. खुबा पूर्ण बरा आहे, ती आता बसून कशानेही येऊ शकते, साध्या एसटीनेसुद्धा. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. मी सांगायला निघाले होते, पण आईने अडवलं. म्हणाली, “तेंका सांगू नको. इतके दिवस ते गाडयेखाली निजले, आता तेंका गाडी चलवूक दी.” तेव्हा शुक्रवारी ती दर तासाला आडवी होत होत येईल. तू काही बोलू नकोस.