स्टील कळकत नाही

४ फेब्रुवारी, कोरेगाव
कारखान्यात लोखंडी पाइपांचा गंज ॲसिडने धुतात. त्या टाकीचा व्हॉल्व्ह बदलायचाय आणि निवड माझ्यावर सोपवलीय. फौजेतून सुभेदार होऊन उगाच नाही आलो. टाकीवर मेहुणा जयराज असतो, त्यामुळे माल अस्सलच घेणार. परीक्षा एकच. चुंबक चिकटलं नाही की अस्सल स्टील. आई भांडी अशीच घ्यायची.

६ फेब्रुवारी
सांगलीच्या ऑफिसातून नवी इंजिनिअर आली, रुमाना. तिथल्याच विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेली. म्हणाली, काका, हे हायड्रोक्लोरिक आहे, स्टीलला खाऊन टाकेल, आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेला व्हॉल्व्ह घ्या. टेफ्लॉन म्हणे! डोशाच्या तव्याला असतं ते. तिला समजावलं, पोरी, ताक पितळेत कळकतं, स्टीलमध्ये कळकत नाही. ॲसिड म्हणजे तरी काय, जरा जास्त आंबट ताक. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. म्हणजे पटलं.

९ फेब्रुवारी
व्हॉल्व्ह बसवला. तोंड दिसतं त्यात. रुमानाने जयराजला हातमोजे, चष्मा, एप्रन असं सगळं चढवायला लावलं. मी काही घातलं नाही. सुभेदारच घाबरला तर जवानांनी काय करायचं?

१३ फेब्रुवारी
व्हॉल्व्हच्या दांड्याशी हिरवट ओल. जयराज म्हणतो, दाजी, ह्ये कळकल्यागत दिसतंय. म्हटलं, शेवाळ असेल. पुसून टाकलं.

१४ फेब्रुवारी
पुन्हा हिरवट. आता थेंब पडतोय. बंद केला तरी पडतोय. घरी बायकोनं विचारलं, जयराज बरा हाय न्हवं? म्हटलं, माझ्या नजरेखाली आहे, त्याला काय धाड भरलीय. जेवण गेलं नाही. चहा फार होतोय. उद्यापासून एकच कप.

१६ फेब्रुवारी, दुपार
जयराजला लांब उभं केलं आणि स्वतः व्हॉल्व्ह आवळायला गेलो. दांडा तुटून हातात आला. धार थेट पायावर. जयराजने धावत जाऊन ॲसिडचा पंप बंद केला, तेवढ्यात रुमानाने मला कॉलर धरून टाकीशेजारच्या सेफ्टी शॉवरखाली ओढलं. म्हणाली, काका, पॅंट काढा, आधी पॅंट काढा. सगळ्या शिफ्टसमोर पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत उभा होतो. जयराजच्या अंगावर थेंबही उडाला नाही. हे कळलं तेव्हा रडलो. वरून पाणी पडत होतं, कुणाला दिसलं नसावं.

१८ फेब्रुवारी, दवाखाना
पाय झोंबतोय. टेफ्लॉनवाला व्हॉल्व्ह बसला म्हणे. खरं तर दोष चुंबकाचा. जुनं झालंय, नवीन घ्यावं.

संध्याकाळी बायको ताक घेऊन आली. प्लॅस्टिकच्या बाटलीत. विचारलं, स्टीलचा तांब्या कुठाय? म्हणाली, आवं, मुद्दाम न्हाई आणला. कळकंल.

शेजारच्या खाटेवरचा माणूसही हसला. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. मी मुकाट्यानं ताक प्यालो.