उलट्या बाजूचा फटका

कोलकाता,
४ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांना,
लीनाचा सा. न. वि. वि.

तुमचं कानाचं यंत्र फोन लावला की शिट्ट्या मारतं, म्हणून पत्र. बातमी वाचून हसू नका हं: मी गोल्फ शिकते आहे! पन्नाशी ओलांडल्यावर, चक्क खासगी शिकवणी लावून.

आमच्या विमा कंपनीच्या इथल्या ऑफिसांची दर वर्षी स्पर्धा असते. बदली होऊन आल्यावर गेल्या वर्षी मीही हौसेने नाव दिलं. पहिल्याच फटक्याला तीनदा काठी फिरवली, चेंडू आपला जमिनीत रोवलेल्या इवल्या खुंटीवर ढिम्म. आमचे मोठे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले की मॅडमनी वारा छान घातला. अजूनही मला बघून लोक हाताने पंखा हलवतात. अख्खा विभाग सांभाळते मी बाबा, पण त्या पंख्याने जीव नकोसा होतो. नऊ फेब्रुवारीला परत स्पर्धा आहे. जिंकायचं वगैरे नाही मला, पण पहिला चेंडू सगळ्यांसमोर उडालाच पाहिजे.

टॉलीगंजकडे सुबीरदा म्हणून एक गृहस्थ शिकवतात. साठीचे, बोलणं कमी, चहा फार. म्हणतात की माझी काठी वर छान जाते, पण खाली येताना मध्येच कचरते. का ते त्यांनाही कळत नाही. तुमचे जावई माझी पिशवी खांद्याला लावून मागे फिरतात आणि भेटेल त्याला सांगतात की मी बायकोचा हमाल.

गोळ्या वेळेवर घ्या. माया आहे तशीच ठेवा.

तुमची,
लीना

---

कराड,
१० जानेवारी २०२५

चि. सौ. लीनास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. एक काठी, एक चेंडू, आणि पळायचं अजिबात नाही! हा खेळ कसला, पोस्टमनची फेरी झाली. असो. तू लहानपणापासून हट्टी, तेव्हा आता नेट लावूनच शीक.

चौतीस वर्षं मास्तरकी केली, त्या जोरावर एक सांगतो. जो मास्तर ‘मला कळत नाही’ असं कबूल करतो त्याला सोडू नकोस. मला ते कधी जमलं नाही. संक्रांतीचा तिळगूळ त्यांना आठवणीने ने, गुरूकडे रिकाम्या हाताने जाऊ नये.

अजेयरावांना म्हणावं, हमालीत हयगय नको. लोभ वाढता असो.

तुझा,
बाबा

---

कोलकाता,
१९ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांना,
सा. न. वि. वि.

अहो बाबा, कमाल झाली! घाईघाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

तुमच्या सांगण्यावरून आज तिळगूळ नेला. सुबीरदा बाकावर चहा पीत बसले होते. मी डबा उघडला, लाडू काढला आणि त्यांच्यापुढे धरला. ते काही घेईनात, नुसते माझ्या हाताकडे बघत बसले. मग म्हणाले की झाकण डाव्या हाताने उघडलंत, लाडूही डाव्यानेच उचललात, मग देताना उजव्या हातात का घेतलात? मी म्हटलं की अहो, डाव्या हाताने कुणाला काही देतात का! तर चहा तसाच ठेवून ते ताडकन उठले. म्हणाले, काठीचंही हेच होतंय. अंगाला डावीकडून मारायचंय, आणि तुम्ही मध्येच त्याला दटावता.

मग सांगावंच लागलं. मी सहा वर्षांची असताना तुम्ही माझ्या डाव्या हाताला फीत बांधून ठेवायचात, ते. फोर्ट विल्यममधले एक डावखुरे कर्नल तिथे सरावाला येतात, त्यांची काठी सुबीरदांनी मागून आणली आणि मला चेंडूच्या पलीकडे उभं केलं. तिसऱ्या फटक्याला चेंडू असा सुसाट सुटला की अजेयने हातातली पिशवीच टाकली. मी तर किंचाळले!

पण स्पर्धेला तीनच आठवडे उरलेत. सुबीरदा म्हणतात की इतक्यात बाजू बदलणं म्हणजे जुगार, परत हवेतच काठी फिरू शकते. उजव्याने खेळलात तर चेंडू निदान सरकेल. त्यांनी माझ्यावर सोडलंय, आणि माझं काही ठरत नाही. डावखुरी काठी हातात घेतली की परत खाली ठेवते. वाटतं, तुम्ही दारातून बघताय. रागाने लिहीत नाहीये हो. पण तुम्हाला न सांगता हे करवत नाही.

उत्तर लवकर धाडा. जीव टांगणीला आहे.

तुमची,
लीना

---

कराड,
२५ जानेवारी २०२५

चि. सौ. लीनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन एक दिवस झाला. काल लिहायला बसलो आणि उठलो.

ती फीत निळी होती. लग्नकार्यात पंगतीत वाढताना पोरीला कुणी नावं ठेवू नयेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तू रडायचीस, तेही आठवतं. मी शाळेत गेलो की तुझी आई ती सोडायची आणि मी यायच्या आत परत बांधायची. मला ते ठाऊक होतं. संध्याकाळी गाठ निराळी असायची. तिने तेवढं करूनही माझं चुकतंय हे मला कळलं नाही, कारण मास्तर ना मी! लोक हसू नयेत म्हणून जे केलं, त्याच्याच पायी चारचौघांत तुझं हसं झालं.

बापाने लेकीची माफी मागायची आपल्यात पद्धत नाही. मी मागतो. मी चुकलो, लीना.

डाव्यानेच खेळ. चेंडू जागचा हलला नाही तरी डाव्यानेच खेळ.

तुझा,
बाबा

---

कोलकाता,
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांना,
सा. न. वि. वि.

उडाला! बाबा, उडाला!

सकाळी धुकं होतं. पहिल्या खुंटीपाशी झाडून सगळं ऑफिस जमलेलं. मी पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिले, तर मोठे साहेब ओरडले की मॅडम, उलट्या उभ्या आहात! हशा पिकला. कुणीतरी पंखाही हलवला. परत उजव्या बाजूला जावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तुमचं शेवटचं वाक्य मनात म्हटलं आणि काठी वर नेली. ती खाली आली ती कुठ्ठेही न कचरता. टक्! चेंडू धुक्यात शिरला आणि दिसेनासाच झाला. या खेपेला कुणी हसलं नाही. चालत पुढे गेलो तर साहेबांच्या चेंडूच्या चांगला दहा पावलं पुढे पडलेला!

पुढे मी दोन चेंडू झाडीत घातले, एक तळ्यात, आणि बावीस जणांत चौदावी आले. अजेय मात्र जग जिंकल्यासारखा संदेश, म्हणजे इथली छेन्याची मिठाई, वाटत सुटला होता. सुबीरदा एवढंच म्हणाले की आता मनगटाकडे बघू, बुधवारी वेळेवर या.

आता तुमच्या पत्राचं. माफीचं ते वाक्य मी अजेयलाही दाखवलेलं नाही. तेव्हा रडले होते हे खरं, आणि परवा ते वाचून पुन्हा रडले, हेही खरं. पण बाबा, रोज संध्याकाळी माझा उजवा हात धरून तुम्ही गिरवून घेतलेलं हे अक्षर मला फार आवडतं. पत्रं मी याच हाताने लिहिणार. तुम्ही आता मनाला लावून घेऊ नका.

दोन्ही हात जोडून नमस्कार करते. एक तुम्ही घडवलेला, एक तुम्ही मोकळा केलेला.

तुमचीच,
लीना