माझ्या वतीने फुंकणारा मेहुणा

४ मार्च
डॉक्टरच्या टेबलावर मूठ आपटली. काच तडकली. माझ्या दोन्ही फुफ्फुसांत दगडाची धूळ बसलीय म्हणे. तरुणपणापासून ग्रेनाइट कापतोय, धूळ नाही तर काय अत्तर बसणार? अ‍ॅडमिट झालात तर टिकाल, म्हणाला. विमा आहे का, असंही त्याने विचारलं. विमा दुबळ्या माणसांनी काढायचा असतो.
निश्चय: चिडायचं नाही. चिडलं की धाप लागते.

५ मार्च
कटिंग मशीनला लाथ घातली. मशीनला काही झालं नाही. मालकाने मला गेटवर खुर्ची टाकून दिली. बढतीच म्हणायची.

९ मार्च
बायकोने विमा एजंटला बोलावलं. मागे एकदा मी पहार घेऊन याच्या अंगावर धावलो होतो. त्याने मनात ठेवलं नाही, पण चहा दारातच उभ्याने प्यायला. विमा मिळेल, म्हणाला, पण आधी टेस्टच्या मशीनमध्ये जोरात फुंकून दाखवावं लागेल.
मेणबत्तीवर सराव केला. विझली नाही. वात फारच जाड होती. मेणबत्ती भिंतीवर फेकून मारली.

१० मार्च, सकाळी
आयडिया! बायकोचा भाऊ बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो. छाती म्हणजे लोहाराचा भाता. माझ्या नावाने तोच फुंकेल. बायको म्हणाली, ही फसवणूक आहे. मग पातेलं आपटून रडली आणि म्हणाली, काहीही करा, पण जगा. हे लागलं मला. मी मरणार असं या घरात माझ्याशिवाय सगळ्यांना वाटतं.

१३ मार्च
शेजाऱ्याने कचरा पेटवला. धूर थेट माझ्या खिडकीत. त्याचं टाळकं फोडायला काठी घेऊन गेलो. एकच तडाखा दिला, तोही त्याच्या बादलीवर, आणि तिथेच बसलो. शेजाऱ्याने पाठ चोळली, दंड धरून घरी आणून सोडलं. चांगलाच टरकला होता.

१६ मार्च
मेहुणा राहायला आला. उद्या टेस्ट. सकाळपासून ट्रंपेट. सराव कर असं मीच सांगितलं होतं, पण कानाचे पडदे फाडायला नव्हतं सांगितलं. बंद कर म्हटलं. तो म्हणाला, भाऊजी, तुम्हाला जगायचंय की नाही? डोकं फिरलं. बरगडीत एक ठेवून दिली, जुन्या ताकदीची. मन प्रसन्न झालं.
मग मला श्वास घेता येईना आणि त्याला वळता येईना. बायको मधे बसून दोघांची पाठ चोळत होती आणि मला शिव्या देत होती.

१७ मार्च
मेहुणा फुंकायला उभा राहिला आणि किंचाळून खाली बसला. रिपोर्टवर माझं नाव, पुढे शेरा: फुफ्फुसं निकामी. विमा नामंजूर. म्हणजे माझ्या नावाने हा माझ्यापेक्षा वाईट फुंकला! घरभेदी.

१८ मार्च
मेहुणा हॉस्पिटलात. बरगडी मोडून फुफ्फुसाला लागलीय. बँडच्या मालकाने सगळ्यांचा विमा काढलाय, म्हणून स्वतंत्र खोली, ऑक्सिजन, दोन दोन उशा. माझ्या गुद्द्यावर ऐश चाललीय. उद्या जाऊन दुसऱ्या बाजूची मोडतो.

१९ मार्च
लिफ्ट बंद होती. जिना चढलो. खोलीत शिरून मूठ उगारली आणि डोळ्यांपुढे अंधार.
शुद्धीवर आलो तर मी त्याच्या कॉटवर, त्याचा मास्क माझ्या तोंडावर. तो छाती धरून पाहुण्यांच्या स्टुलावर बसला होता, घामाने निथळत. कुजबुजला, भाऊजी, नर्सची ड्यूटी बदललीय, तुम्ही मीच आहात, गप पडून राहा. इतका पोटभर श्वास कधी घेतला होता ते आठवेना. रडू आलं, ते मास्कच्या रबरामुळे.
नवी नर्स आली. कागद वाचून म्हणाली, अरे देवा, एवढं कोणी मारलं? मास्कमधूनच म्हणालो, बहिणीच्या नवऱ्याने. ती म्हणाली, असल्या जनावराला साखळीने बांधून ठेवायला हवं.
मेहुणा माझ्याकडे बघत होता. वाद घालायला मास्क काढावा लागला असता. मान डोलावली.