हिरव्या साडीचे काठ

अश्दोद, इस्रायल. गुरुवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. माझ्या मेंदीची हिरवी साडी मुंबईहून आणून इतकी वर्षं जपली, ती नातीला, रिनाला, तिच्या मेंदीला नेसवायला. आज सुनेने त्या साडीचे जरीचे काठ कापून आपल्या मुलींना डोक्याच्या पट्ट्या शिवल्या! म्हणे, "आई, साडी एकदाच नेसणार. पट्टी बीचवर चालते, सिनेगॉगमध्ये केस झाकायलाही चालते."

चालते! सोन्याची सुरी म्हणून काय उरात खुपसायची? काठ गेले, साडीत राहिलं काय?

रिना पट्टी लावून आली. "यफे ना, आजी? छान?" माझं तोंड बघून घाबरली. "मग मेंदीला मी काय नेसू?"

"आईला विचार," म्हटलं. पोरीचे डोळे भरले. तिचा काय दोष?

नेसवीन तिला, बिनकाठाचीच. पण त्या दिवशी घरच्या सगळ्यांच्या बोटाला मेंदी लावतात, तेव्हा सुनेने पुढे केलेली मी लावून घेणार नाही.