उसवलेल्या स्वेटरचं टोपडं

बिबवेवाडी, पुणे
गुरुवार

ती. सौ. नंदावहिनींना सरोजिनीचा साष्टांग नमस्कार. (तो या वेळी अक्षरशः घालते आहे, गुडघा आडवा येतो तेवढा सोडून द्यावा.) आपली तब्येत कशी आहे? नाशिकच्या थंडीने आपली पाठ धरली नसेल अशी आशा करते. स्पृहाला आणि बाळाला झोप मिळते ना? विहीणबाईंचा पाहुणचार कसा चालला आहे? बाळाचं नाक गंधारवर गेलं की त्यांच्याकडे, हा वाद मिटला का? मिटला नसेल तर तो अजून थोडे दिवस चालू ठेवावा, म्हणजे या पत्राकडे कोणाचं लक्ष जाणार नाही. मोबाइल असताना पत्र का, असं आपल्याला वाटेल. फोनवर आपला आवाज ऐकला की मी खोटं बोलते, म्हणून पत्र.

गंधारला बहीण नाही, तेव्हा बारशाला आत्याचा मान मला, टोपडंही मीच विणायचं आणि नावही मीच ठेवायचं, हे आपणच मोठ्या मनाने ठरवलंत. बाळाच्या अंगाला पहिली लोकर नवी नको, घरातल्या मोठ्या माणसाने वापरून मऊ केलेली हवी, हेही आपलंच. निघताना म्हणालात, कपाटात खाली पिशवी आहे, ह्यांच्याकडून घ्या आणि त्यातलं उसवा. मी बिबवेवाडीला आले. दादा टीव्हीवर मॅच बघत होता. त्याने मान न वळवता कपाटातून एक पिशवी ओढली आणि माझ्या हातात दिली. (आउट कोण झालं ते मात्र सविस्तर सांगितलं.) पिशवीत त्याचा डाळिंबी स्वेटर होता.

मला घरी वेळ नसतो हे आपल्याला ठाऊक आहे. वारज्याहून हडपसरला ऑफिसला जायचं म्हणजे बसमध्ये निम्मा संसार उरकतो, म्हणून मी उसवायला बसमध्येच बसले. शेजारी दुर्गाबाई असतात. रोज हडपसरला लेकीची मुलं सांभाळायला जातात, ओळख तेवढीच, पण त्यांनी न विचारता स्वेटर मांडीवर घेतला. त्या धरायच्या आणि मी ओढायची. गुंडा दोनदा सीटखालून पुढे ड्रायव्हरपर्यंत जाऊन आला. एका गृहस्थांनी, 'बसमध्ये फक्त बसावं, असं माझं मत आहे,' एवढंच ऐकवलं आणि पाय वर घेतले. मग टोपडं घातलं सुयांवर. बाळाच्या डोक्याचा अंदाज प्रत्येकाने आपापल्या नातवंडांवरून दिला. मी कोणालाच नाही म्हणाले नाही, आणि प्रत्येक सल्ल्याला चार टाके वाढवत गेले. शेवटी कंडक्टर जयसिंग यांनी सिग्नलला ते स्वतःच्या डोक्यावर चढवलं. बरोबर बसलं. 'मावशी, बाळ हाय का पैलवान?' म्हणाले. सगळी बस हसली. तेही उसवलं, पुन्हा घातलं, आणि आता जे झालं आहे ते खरोखर छान झालं आहे. हे मुद्दाम आधी सांगून ठेवते.

कारण मधे आपला फोन आला होता. मी बसमध्येच होते. आपण म्हणालात, 'मफलर मिळाला ना? शेजारच्या पिशवीला हात लावू नका हं, त्यात ह्यांचा डाळिंबी स्वेटर आहे. लग्नानंतर मी पहिल्यांदा विणला तो. बाळ मोठं झालं की दाखवायचाय.' त्या वेळी दुर्गाबाईंच्या मांडीवर स्वेटराची एक बाही उरली होती. मी म्हणाले, 'मिळाला, मिळाला. फार मऊ आहे.' दुर्गाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यानंतर रोज फोनवर मी त्या मफलरचं कौतुक करते आहे.

वहिनी, टोपड्याला एवढी लोकर लागत नाही. एक बाही पुरली असती. मी थांबले का नाही, तेच लिहायला बसले आहे. स्वेटर मी पिशवीतून काढताक्षणी ओळखला होता. विटला म्हणून आपणच उसवायला काढला असेल अशी मी समजूत करून घेतली, पण विचारलं नाही. विचारलं असतं तर थांबावं लागलं असतं. आपण तो विणलात त्याच हिवाळ्यात मीही दादासाठी एक राखाडी स्वेटर विणला होता. तो त्याने घडी घालून ठेवला आणि दर थंडीत आपण विणलेला घातला. बसमध्ये ती डाळिंबी लोकर सरसर सुटत गेली तेव्हा मला बरं वाटत होतं. एवढ्या वयाला, नातवाच्या टोपड्याच्या निमित्ताने, बरं वाटत होतं. मला माझी फार लाज वाटते. बारशाला नाव दुसऱ्या कोणाकडून ठेवून घेतलंत तरी मी मागे उभी राहून घुगऱ्या वाटीन.

विहीणबाईंना नमस्कार, बाळाला पापा.

आपली
सरोजिनी

ता. क. : उरलेल्या लोकरीच्या लडी करून धुतल्या आहेत, वळ्या गेल्या आहेत. त्या आणि आपल्या जुन्या सुया बारशाला बरोबर आणते. तो स्वेटर पुन्हा विणाल का? टोपड्याला गेली तेवढी लोकर कमी पडेल, तिथे माझा राखाडी उसवून देते. मी समोर बसून लड धरीन आणि बोलणार नाही.

आणखी एक : पाकिटावर पत्ता घालायला दादाला दिलं, तर त्याने पत्र वाचलं. टीव्ही बंद केला. मग म्हणाला, पिशवी त्याने चुकून दिली नव्हती. तो स्वेटर पहिल्या दिवसापासून गळ्याला काचतो. आपण दर हिवाळ्यात तो घातलेला बघायला दारात उभ्या राहायचात म्हणून काढवला नाही, आणि माझा घातला असता तर आपल्याला वाईट वाटलं असतं म्हणून तो घडीत राहिला. आता तोही माझ्याइतकाच ओशाळला आहे आणि फोनवर यायला तयार नाही. म्हणतो, पुन्हा विणलाच तर गळा दोन बोटं सैल ठेवायला सांग, पण मी म्हणालो म्हणून सांगू नकोस.