कोलकात्याच्या रोलला हळदकुंकू

सिल्वासा,
कोजागिरी पौर्णिमा

तीर्थस्वरूप रमाकांतमामा,

साष्टांग नमस्कार. (लोटांगण म्हणालात तरी चालेल, पत्र वाचून झाल्यावर तेच घालायचं आहे.) तब्येत कशी आहे? आधी पाणी पिऊन घ्या, मामींना जवळ बसवा आणि मगच पुढे वाचा. कोलकात्याचे फोटो आले नाहीत. येणारही नाहीत.

डॉक्टरांनी तुमचा प्रवास बंद केला तेव्हा तुम्ही स्वतःचा कॅमेरा आणि रंगीत फिल्मचा रोल माझ्या हातात दिलात. तरुणपणी राहिलात ती गल्ली एकदा रंगात बघायची, मोबाइलवर नको, एवढंच मागितलंत. तेवढंसुद्धा मला जमलं नाही, मामा. तोंड दाखवायला जागा उरली नाही.

रस्त्यावरचे फोटो काढताना माणसं बेसावध हवीत, हे तुम्ही बजावलं होतं. पण वर्गाचे फोटो काढण्यात हयात गेलेला मास्तर मी! मासळीवाल्यांवर कॅमेरा रोखला आणि तोंडातून आपोआप निघालं, "उंच मुलं मागे!" मराठी कोणाला कळत नव्हतं, हातवारे कळले. मंडळी दोन रांगांत उभी राहिली, पुढच्या रांगेने मासे मांडीवर घेतले आणि खोळंबलेली गिऱ्हाइकं माझ्या नावाने शंख करू लागली. तुमच्या गल्लीत मात्र नशीब उघडलं. तुमच्या खोलीच्या हिरव्या खिडक्या, खालचा मिठाईवाला, दारात केस वाळवणारी म्हातारी. कोणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. असे फोटो पुन्हा जन्मात मिळायचे नाहीत.

घरी आलो तेव्हा रोलमध्ये दोन-तीन फोटो शिल्लक होते. (मास्तर खडूचा तुकडासुद्धा संपवल्याशिवाय टाकत नाही. या काटकसरीनेच घात केला.) तेवढ्यात खंडेनवमी आली. माझ्या सासूबाई, केसरबाई, हल्ली आमच्याकडेच असतात. त्यांचा मुलगा ललित इथे जवळच गलोंड्याला सुताच्या कारखान्यात आहे आणि तिथे पूजेला यंत्रांची झाकणं उघडून आतसुद्धा कुंकू लावतात, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं. मी आंघोळीहून येतो तर पाटावर मिक्सर, शिलाई मशीन आणि मधोमध तुमचा कॅमेरा! त्याचं मागचं दार सताड उघडं, फिल्मवर हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूची पाकळी. सासूबाई म्हणाल्या, "वरतून कुंकू लाईसन काय उपेग, जवाईबापू? यंत्रना पोटमा लावाले जोयजे! आते पहिला फोटू मना काढा." दार लावून, आतली कोरी फिल्म पुढे ओढून काढला. काय करणार?

वापीच्या स्टुडिओवाल्याने रोल मुंबईहून धुऊन आणला. उजेड लागून सगळे फोटो पांढरेफटक. गल्ली गेली, खिडक्या गेल्या, म्हातारी गेली. आलाय एकच, पूजेनंतरचा: सासूबाई, हात जोडून, झकास रंगात. सोबत पाठवतोय. फाडू नका. आपण काय केलं हे कळल्यापासून त्यांना घास गोड लागत नाही, आणि मला तर तुमचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही.

तुमचा करंटा भाचा,
प्रसाद

ता. क. रविवारी सासूबाई माफी मागायला तुमच्याकडे येताहेत. मी आहेच सोबत.

आणखी ता. क. पत्र खरं तर यासाठीच लिहिलं. तुमच्या छातीत बसवलेल्या यंत्राबद्दल त्यांना कळलं आहे. त्याची खंडेनवमीला पूजा झाली का, असं विचारून त्यांनी मला भंडावून सोडलंय. ज्या यंत्रावर माणूस चालतो तेच बिनपूजेचं राहिलं, म्हणून त्यांच्या जिवाला घोर लागला आहे. तेव्हा मामा, नाही म्हणू नका. सदऱ्याची वरची दोन बटणं सोडा आणि कुंकू लावून घ्या. या वेळी वरूनच लावतील, असं मी त्यांच्याकडून वदवून घेतलं आहे.